बंदचालू भावोजी

आमच्या भावोजींना जगातल्या सगळ्या बिघाडांवर एकच औषध ठाऊक आहे: बंद करून चालू करा. मिक्सर घरघरतोय, बंद करून चालू करा. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, बंद करून चालू करा, मग आपण आत का असेना. एकदा आमच्या नात्यातले दोन साडू एकमेकांशी बोलेनासे झाले. सगळ्यांनी समजूत घालून पाहिली. भावोजी म्हणाले, "त्यांना कशाला बोलायला लावता? पूर्ण बंद होऊ द्या, मग चालू करा." सगळ्यांनी कंटाळून तो विषय सोडला आणि पुढे ते दोघे आपोआप बोलू लागले. तेव्हापासून भावोजींचा स्वतःवरचा विश्वास वाढला. तो आधीही काही कमी नव्हता.

नातेवाईक त्यांना पाठीमागे 'बंदचालू' म्हणतात. हे त्यांना माहीत आहे आणि ती त्यांना पदवी वाटते. 'चालू' या शब्दाचा दुसरा अर्थ त्यांना कुणी सांगितलेला नाही, आणि खरं म्हणजे तो त्यांना लागूही नाही. माणूस इतका सरळ, की कुणाला फसवायला निघाला तर वाटेत स्वतःच फसून घरी येईल.

भावोजींची सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात गेली. तिथला मोठा पंप भावोजींच्याही आधी नोकरीला लागलेला होता आणि त्यांच्यापेक्षा जास्त रजा घेत असे. तो मध्येच थांबायचा. का थांबतो ते कुणालाही कळलेलं नव्हतं आणि कळून घ्यायची गरजही पडली नव्हती, कारण बंद करून चालू केला की तो चालायचा. वरचे साहेब यायचे, नाकाला रुमाल लावून विचारायचे, "काय केलंत?" भावोजी सांगायचे, "बंद करून चालू केला." साहेब गंभीरपणे मान डोलवून निघून जायचे. आता एखाद्या डॉक्टरला जन्मभर एकाच रोगाचे रोगी भेटले आणि सगळे एकाच गोळीने बरे झाले, तर तो दुसरी गोळी कशाला ठेवील?

पंपघराने भावोजींना दिलेली दुसरी देणगी म्हणजे प्लॅस्टिक. तिथल्या पाइपांच्या सांध्यांतून सदा तुषार उडत असत, म्हणून बटणांच्या पेटीवर प्लॅस्टिक, टेलिफोनवर प्लॅस्टिक, बसायच्या खुर्चीवर प्लॅस्टिक. पाण्याजवळ जन्म काढलेल्या माणसाची एक खात्री होऊन बसते, की जगातली प्रत्येक वस्तू आज ना उद्या भिजणार आहे. निवृत्त होताना भावोजींनी ती खात्री घरी आणली. त्यांच्या घरात सोफ्यावर जाड पारदर्शक प्लॅस्टिक आहे. बसताना सोफा कुरकुरतो आणि उठताना सोडत नाही. टीव्हीचा रिमोट पिशवीत, पिशवीला रबर. भिंतीवरच्या घड्याळाला टोपी, टोपीला गाठ. त्या घरात जेवणानंतर आडवं व्हायला मला भीती वाटते. डोळा लागला तर जागा होईपर्यंत मलाही गुंडाळलेलं असेल.

अशा घरात ताईने संसार केला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, भावोजींची बायको. बोलते कमी, पण तिच्या कानांतून काही सुटत नाही. हातांत कायम दोन सुया आणि मांडीवर लोकरीचा गुंडा. त्या गल्लीत जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या डोक्यावर पहिली टोपी ताईची चढली आहे. सगळं फुकट. शिकवणंही फुकट. "तुम्हाला काय, घरातच असता," असं म्हणत बायका यायच्या, शिकायच्या आणि नंतर चारचौघींत सांगायच्या, "मी आपली आपणच शिकले हो." भावोजीही त्यांतलेच. "हिचा आपला टाइमपास," असं ते लोकांना सांगायचे, तेही तिनेच विणलेला स्वेटर घालून.

अशात यंदा घरबसल्या कला शिकवणाऱ्या एका संस्थेने ताईने विणलेल्या शालीचा फोटो कुठेतरी पाहिला आणि तिला विचारलं, की आमच्याकडे शिकवाल का? आधी एक वर्ग घ्यायचा, लॅपटॉपवरून. संस्थेच्या बाई स्वतः बसून पाहणार. त्यांना पसंत पडलं, तर ताई तिथली कायमची शिक्षिका.

ताईने मला फोन केला. "अरे, त्या मला मॅडम म्हणाल्या," ती म्हणाली. "आणि विचारलं, तुम्हाला वेळ असतो का. मला. वेळ असतो का." मग बराच वेळ फोनवर नुसता सुयांचा आवाज येत राहिला.

लेकीने नोकरीसाठी परगावी जाताना मागे ठेवलेला लॅपटॉप ताईने हाताशी धरला. कुठे काय दाबायचं ते तिने टाका शिकावा तसं शिकून घेतलं. प्रत्येक टाक्याची चित्रं काढली, हाताचे जवळून फोटो घेतले, ते एकापुढे एक लावले. सगळा वर्ग त्या लॅपटॉपच्या पोटात तयार झाला. ठरलेल्या दिवशी तिने मलाही बोलावून घेतलं. "तू माझ्या समोर बस," ती म्हणाली. "ओळखीचं तोंड दिसलं की मला बोलता येतं. ह्यांना नाही बसवणार. हे मध्ये बोलतील."

वर्ग चार वाजता होता. मी जेवायच्या वेळेलाच पोचलो. दार भावोजींनी उघडलं. त्यांच्या कानावर पेन्सिल ठेवावी तसा स्क्रूड्रायव्हर होता, म्हणजे काहीतरी बिघडलेलं होतं.

"ये," ते म्हणाले. "पेशंट गंभीर आहे, पण डॉक्टर घरात आहे."

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता. त्याच्यापुढे ताई बसली होती आणि तिच्या सुया नेहमीपेक्षा जोरात चालल्या होत्या.

"बघ आता," भावोजी म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर कंपनीचं चिन्ह उमटलं. त्याखाली पांढरे ठिपके गोल फिरायला लागले. त्यांनी काही फेऱ्या घातल्या, आता काहीतरी होणार असं वाटलं, आणि पडदा काळा झाला. क्षणभर शांतता. मग पुन्हा चिन्ह, पुन्हा ठिपके, पुन्हा काळोख.

"सकाळपासून उठाबशा काढतोय," ताई म्हणाली.

"बंद करून चालू केलात का?" मी त्या घरच्या रीतीप्रमाणे विचारलं.

भावोजींनी माझ्याकडे फार दुखावलेल्या नजरेने पाहिलं. आणि तेव्हा मला त्यांच्या संकटाची खोली कळली. तो लॅपटॉप दुसरं काही करतच नव्हता. बंद होत होता, चालू होत होता, बंद होत होता, चालू होत होता. भावोजींची जन्मभराची गोळीच रोग होऊन समोर बसली होती.

"हा बंद होतोय तो स्वतःच्या मनाने," भावोजींनी निदान केलं. "त्याचा उपयोग नाही. तो आमच्या मनाने बंद झाला पाहिजे." त्यांनी बटण बोटाने दाबून धरलं, अगदी ओठ आवळून. लॅपटॉप बंद झाला. "आता घाबरलाय," ते म्हणाले, आणि त्यांनी तो चालू केला. चिन्ह, ठिपके, काळोख.

मग त्यांनी माउसची वायर काढली. मग चार्जर काढला. मग चार्जर लावला, पण भिंतीवरच्या दुसऱ्या प्लगमध्ये, कारण पहिल्या प्लगवर त्यांचा जुना राग होता. मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. त्यातल्या तरुणाने सांगितलं, की सुरू होताना अमुक एक बटण भराभर दाबत राहा. भावोजींनी ते असं दाबलं, की टेबलावरची ताटली हलत हलत कडेपर्यंत गेली.

तेवढ्यात खालच्या मजल्यावर राहणारे बँकवाले वर आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पण कुठेही काही बिघडलं, की मत द्यायला ते हजर असतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, एक उठाबशी पाहिली आणि म्हणाले, "व्हायरस. वहिनी लोकरीची डिझाइनं बघतात ना त्यावर? त्यातूनच येतो."

"लोकरीतून कसर येते," ताई मान वर न करता म्हणाली. "व्हायरस नाही."

बँकवाले चष्मा खाली घेऊन निघून गेले. ताईने घड्याळाकडे पाहिलं. घड्याळाच्या टोपीमुळे तिला मान वाकडी करावी लागली.

"कोपऱ्यावर दुरुस्तीचं दुकान आहे," ती म्हणाली. "तिथं नेऊ या का?"

"दुकानात?" भावोजी म्हणाले. "ते चार वस्तू काढतील आणि तीन परत लावतील. घरात माणूस असताना दुकानात कशाला?"

"मोबाइलवरून नाही होणार?" मी विचारलं.

"चित्रं सगळी यात आहेत," ताई म्हणाली. "आणि मोबाइलवर त्यांना माझी बोटं दिसतील, टाके नाही दिसणार. विणकामात बोटं सगळ्यांनाच असतात."

खरी गोष्ट अशी होती, की आता प्रश्न लॅपटॉपचा राहिलाच नव्हता. ताईच्या चार वाजण्याच्या वाटेत भावोजींची पदवी आडवी पडली होती. नवऱ्याच्या मानापुढे बायकोच्या कामाने थांबायचं, हे त्या घरात कुणी बोलून ठरवलेलं नव्हतं. ते सोफ्यावरच्या प्लॅस्टिकसारखंच कधीतरी आलं होतं आणि राहिलं होतं.

"तापलाय बिचारा," म्हणत भावोजींनी टेबलफॅन आणला आणि लॅपटॉपच्या तोंडावर सोडला. आणि काय आश्चर्य, त्याने जरा दम धरला. ठिपके फिरत राहिले, पुष्कळ फिरले, आणि एक निळा पडदा आला. त्यावर लिहिलं होतं, की यंत्र नीट सुरू होत नाही, तर पुढीलपैकी काय करावं? भावोजींनी एकेक ओळ मोठ्याने वाचली. शेवटची ओळ वाचताना त्यांचा आवाज चढला. सगळं पुसून नव्याने सुरुवात करायची का, असं ते यंत्र विचारत होतं.

"बघ," भावोजी म्हणाले. "हेही तेच सांगतंय. फक्त जरा मोठं बंद आणि जरा मोठं चालू."

"पुसून म्हणजे?" ताईने विचारलं.

"पुसून म्हणजे स्वच्छ. पहिल्यासारखा."

"माझी चित्रं?"

"ती काय, परत काढता येतील की. तुला काय, टाइमपासच तर..."

पुढचे शब्द भावोजींनी गिळले, पण उशिरा. ताईच्या सुया थांबल्या. मी त्या सुया रेल्वेत चाललेल्या पाहिल्यात, दवाखान्याच्या बाकावर चाललेल्या पाहिल्यात. मी तोवर त्या कधी मध्येच थांबलेल्या पाहिल्या नव्हत्या. तिने विणकाम टेबलावर ठेवलं.

"हात काढा," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच, तव्याखालचा गॅस बारीक करा म्हणावं तसा. भावोजींचं बोट ओळीच्या अगदी वर आलं होतं. त्यांनी ते काढलं आणि दुसऱ्या हातात धरून ठेवलं, जसं काही ते बोट त्यांचं ऐकत नव्हतं. इतक्यात लॅपटॉपचाच धीर सुटला आणि पडदा काळा झाला. पुन्हा चिन्ह. पुन्हा ठिपके.

"विणताना माझा टाका चुकला तर मी काय करते?" ताईने विचारलं.

"उसवतेस," भावोजी म्हणाले.

"सगळं?"

"नाही. चुकलंय तिथपर्यंत."

"मग काल संध्याकाळी मी यावर शेवटचं चित्र लावलं. तेव्हा हा धड होता. सकाळी धड नव्हता. मधल्या वेळात याला कोणाचा हात लागला?"

"कोणाचा नाही."

ताई गप्प राहिली. तिला गप्प राहता येतं. भावोजींना तिचं गप्प राहणं सहन होत नाही.

"मी फक्त पुसला," भावोजी म्हणाले. "सकाळी, तू अंघोळीला गेलीस तेव्हा."

"आणि?"

"आणि कव्हर घातलं. आज तुझा वर्ग. तू शेजारी पाण्याचं भांडं ठेवणार. बोलता बोलता हात लागला असता म्हणजे? मी तुझ्यासाठीच..."

तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं. लॅपटॉपच्या सगळ्या बटणांवरून जाड पारदर्शक प्लॅस्टिक ताणून बसवलं होतं, आणि ते हलू नये म्हणून चारही कडांना चिकटपट्टी, एकीवर एक. आल्यापासून मी त्या यंत्रापुढे उभा होतो. बँकवाले चष्मा वर-खाली करून गेले होते. आणि आमच्यापैकी कुणालाही ते प्लॅस्टिक दिसलं नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही घरात ते आल्या आल्या दिसलं असतं. या घरात प्लॅस्टिक दिसत नाही, जशी हवा दिसत नाही.

ताईने विणायची सुई उचलली, पट्टीच्या कडेखाली सारली आणि ओढली. चर्र असा आवाज झाला. वरच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे पट्टी सगळ्यात घट्ट बसली होती, तिथेच लॅपटॉप सुरू करायचं बटण होतं. पट्टी निघाली आणि ते टक करून वर आलं.

इतका वेळ ते अर्धवट दाबलेलंच होतं. बटण दाबून धरलं की लॅपटॉप बंद होतो, हे आम्हाला भावोजींनीच थोड्या वेळापूर्वी ओठ आवळून दाखवलं होतं. यंत्राच्या उबेने पट्टी आवळायची, बटण दाबलं जायचं, लॅपटॉप बंद व्हायचा. पट्टी जराशी ढिली होऊन पुन्हा आवळली, की तो पुन्हा चालू. पंख्यापुढे त्याला बरं वाटलं होतं ते उगीच नव्हे. म्हणजे भावोजींचं बोट तिथं नव्हतं, तेव्हाही भावोजींचंच बोट तिथं होतं. सकाळपासून तो लॅपटॉप त्यांचीच आज्ञा पाळत होता. त्यांच्या आयुष्यात इतकं मन लावून त्यांचं कुणीच ऐकलं नव्हतं.

भावोजी त्या सुटलेल्या प्लॅस्टिककडे बघत राहिले. कानावरचा स्क्रूड्रायव्हर त्यांनी काढला आणि खिशात घातला. मला वाटलं, आता ताई बोलणार. तीस एक वर्षांचं साचलेलं बोलायला याहून चांगली दुपार मिळाली नसती. पण ताईने खुर्ची थोडी बाजूला सरकवली आणि म्हणाली, "दाबा."

"मी?"

"तुम्हीच दाबा."

भावोजींनी एका बोटाने, चटका बसेल अशा भीतीने, बटण दाबलं. चिन्ह आलं. ठिपके फिरले, फिरले, आणि मग पडद्यावर एक पिवळा स्वेटर उघडला. ताईचा पहिला धडा.

मग भावोजींनी घसा खाकरला. हा माणूस बुडताना लाटेला सल्ला देईल.

"पण बघ," ते म्हणाले, "शेवटी बंद करूनच चालू झाला."

"हो," ताई म्हणाली. "तुम्हीच केलात. दोन्ही."

चार वाजता पडद्यावर चौकोन उघडू लागले. एकेका चौकोनात एकेक बाई, मांडीवर लोकर, चेहऱ्यावर शिकवा बघू असा भाव. वरच्या कोपऱ्यात संस्थेच्या बाई बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र कुठलाच भाव नव्हता. मी ठरल्याप्रमाणे समोर बसलो, पण पडदाही दिसेल इतका तिरका. भावोजींना गॅलरीत जायला सांगितलं होतं, ते आतच थांबले. माझ्या पाठीमागे सोफ्यावर बसायला गेले, तर सोफ्याचं प्लॅस्टिक असं कुरकुरलं, की चौकोनांतल्या सगळ्या बायकांनी माना वर केल्या.

"काही नाही," ताई म्हणाली. "घरातलाच आवाज आहे."

भावोजी तसेच, अर्धे वाकलेले, पुन्हा सरळ झाले आणि उभेच राहिले.

ताईचा आवाज सुरुवातीला बारीक होता. तिने माझ्याकडे पाहिलं, मग मांडीवरच्या सुयांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "आज आपण एकही टाका घालायचा नाही. आधी उसवायला शिकू. ज्याला उसवता येतं, त्याला विणायची भीती वाटत नाही." एक-दोन बायकांनी सुया खाली ठेवल्या. ताई बोलत गेली. तिने एक विणलेला तुकडा हातात घेतला, त्यात एक चूक दाखवली आणि तिथपर्यंत शांतपणे धागा ओढत राहिली. जन्मभर घरात चार वाक्यांच्या वर न बोललेली माझी बहीण बोलता बोलता इतकी रंगली, की माझ्याकडे तिने पुन्हा पाहिलंही नाही. मी उगाच बसलो होतो.

मध्येच एक बाई म्हणाली, "मॅडम, माझ्याकडे तुमचं चित्र अडकून अडकून येतंय. सकाळी तर माझा लॅपटॉप चांगला चालत होता."

माझ्या पाठीमागे श्वास आत घेतल्याचा आवाज झाला. मी वळून पाहिलं. भावोजींच्या ओठांवर 'बं' येऊन उभा होता. पुढच्या अक्षरासाठी त्यांनी तोंड उघडलं, ताईकडे पाहिलं, आणि मिटलं. माझ्या माहितीत हे पहिल्यांदाच.

"आधी घरात विचारा," ताई त्या बाईला म्हणाली. "शेवटचा हात कोणाचा लागला होता."

मग त्या पडद्यावरच्या सगळ्या बायकांनी, एकजात, आपापल्या चौकोनात मान वळवून मागे पाहिलं. कुणी डावीकडे, कुणी उजवीकडे, कुणी सरळ पाठीमागे. संस्थेच्या बाईंनीही पाहिलं. आणि वळून पुन्हा समोर आल्या तेव्हा इतक्या हसत होत्या, की त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. ताई कायमची शिक्षिका झाली ती तिथंच. बाकी सगळं नंतर कळवलं गेलं एवढंच.

भावोजी वर्ग संपेपर्यंत उभे होते. लॅपटॉप आता उघडा पडलेला, त्याच्या शेजारी ताईचं पाण्याचं भांडं. ते त्यांना बघवेना. ते चवड्यांवर पुढे आले, त्यांनी भांडं अलगद उचललं आणि दोन्ही हातांत धरून, लॅपटॉपपासून दूर, भिंतीला टेकून राहिले. बोलून बोलून ताईचा घसा कोरडा पडला, की ती नुसता हात बाजूला करायची. तो हात पडद्यावरच्या बायकांना दिसायचा. त्यात भांडं ठेवणारा माणूस दिसत नसे.